न खाल्लेलं बिस्किट

दातांच्या डॉक्टरानं दात मोडणारी बिस्किटं भाजावीत, याला काय म्हणावं? पण आमच्या पोर्ट लॅम्बीत त्याचं कुणाला काही वाटत नाही. मर्विन नॅनकिव्हलनं गावातल्या आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांचे दात काढले, भरले, बसवले. आणि दवाखाना बंद केला त्या दिवशी खुर्ची, दिवा, हत्यारं सगळं उचलून घरामागच्या गॅरेजमध्ये आणून ठेवलं. गाडी तेव्हापासून बाहेर समुद्राचं खारं वारं खात उभी आहे. गॅरेजमध्ये जागा आहे ती फक्त कॅप्टन पेनहेलला.

म्हणजे कॅप्टन मरून युगं लोटली. पण ‘कॉन्स्टंट’ नावाच्या जहाजातून येऊन त्यानं हा किनारा कागदावर उतरवला आणि मर्विनच्या डोक्यात कायमचा नांगर टाकला. कॅप्टनच्या सफरीच्या हकिकतीचे दोन्ही खंड मर्विनकडे आहेत, वासराच्या कातड्यात बांधलेले, कडा थोड्या कुरतडलेल्या. सूर्याची उंची मोजायचं पितळी यंत्र आहे, डोलकाठीवरची लाकडी कप्पी आहे, कुणा खलाशाचा शिंगाचा चमचा आहे. कोळ्यांच्या जाळ्यात आलेली एक गंजकी साखळीची कडीही आहे. ती जहाजाची आहे असं मर्विन म्हणतो. ट्रॅक्टरची आहे असं त्याची बायको ग्लेनिस म्हणते.

“किनारा शोधला म्हणे कॅप्टननं,” ती पाहुण्यांना चहा देता देता म्हणायची. “इथं हजारो वर्षं राहणाऱ्यांचा तो हरवला होता कधी?”

यावर मर्विन पुस्तकावरची धूळ झटकायचा.

या सगळ्या पसाऱ्यात एकच वस्तू त्याची नव्हती, आणि नेमकी तीच सगळ्यांत मोलाची होती. ते होतं जहाजावरचं बिस्किट. तळहाताएवढं, गोल, दगडासारखं टणक, वर भोकं आणि मधोमध बाणाचा ठसा. ग्लेनिसच्या आईकडचा पूर्वज जोरी हॉकिंग ‘कॉन्स्टंट’वर स्वयंपाक्याच्या हाताखाली होता. जहाजावरचं अन्न संपत आलं, शिधा अर्ध्यावर आला, तेव्हा त्यानं आपल्या वाट्याचं एक बिस्किट सदऱ्यात लपवलं. म्हणाला, याहून वाईट दिवस आला की खाईन. पुढे वादळ झालं, आजार झाले, दोन माणसं गेली. दरवेळी तो बिस्किट काढायचा, बघायचा, आणि परत ठेवायचा. “अजून ती वेळ आली नाही,” म्हणायचा. ती वेळ जन्मभर आलीच नाही, आणि बिस्किट उरलं.

तेव्हापासून त्या घराण्यात रीतच पडली. घरावर संकट आलं की लाकडी पेटी टेबलावर यायची, झाकण उघडायचं, सगळ्यांनी बिस्किटाकडे बघायचं, आणि घरातल्या मोठ्या बाईनं म्हणायचं, “अजून ती वेळ आली नाही.” मर्विनच्या छातीची चिरफाड व्हायची होती तेव्हा ग्लेनिसनं ती पेटी पिशवीत घालून दवाखान्यात नेली होती. त्याच्या उशाशी उघडली आणि ते वाक्य म्हणाली. तिचा आवाज कापत होता.

लग्न ठरलं तेव्हा ग्लेनिसची आई आयव्ही हिनं जावयाला एकदाच परवानगी दिली होती. मर्विननं तिच्या डोळ्यांदेखत, कवळीचा घेतात तसा, बिस्किटाचा साचा घेतला, वजनही टिपून ठेवलं. मग सासूबाईंनी पेटी बंद केली आणि बजावलं, “हे बघ, इथून पुढे हात लावायचा तर बायकोला. बिस्किटाला नाही. ग्लेनिस समोर नसताना हे पेटीबाहेर येता कामा नये. शब्द दे.”

मर्विननं शब्द दिला, आणि इतकी वर्षं पाळला. मोडला तो या एप्रिलमध्ये, नांगराच्या रविवारी. आणि मोडायला लावलं ते ट्रेवर लिंडनरनं, निदान मर्विनचं म्हणणं तसं.

नांगराचा रविवार म्हणजे कॅप्टनचं जहाज आमच्या खाडीत थांबलं त्याची आठवण. धक्क्याजवळच्या हॉलमध्ये सुक्या वाटाण्यांच्या सूपचं पातेलं चढतं आणि ‘कॉन्स्टंट’ मंडळाची बिस्किटांची स्पर्धा होते. ग्लेनिसचं अस्सल बिस्किट मधोमध काचेखाली ठेवायचं, भोवती मंडळींनी घरी भाजलेल्या नकला मांडायच्या, आणि जी नक्कल अस्सलाच्या सगळ्यांत जवळची वाटेल तिच्या पुढ्यातल्या कपात लोकांनी वाटाणा टाकायचा. ज्याच्या कपात जास्त वाटाणे, तो जिंकला. जिंकलेलं बिस्किट ग्लेनिस लाकडी हातोड्यानं फोडते, तुकडे सूपमध्ये पडतात, आणि सगळं गाव ते खातं. पूर्वी दुसऱ्या दिवशी मर्विनचा दवाखाना भरायचा.

ट्रेवर घरांची दलाली करतो. मंडळात मर्विनच्या मागाहून आला, पण पैशाच्या जोरावर कॅप्टनच्या नकाशांचा मोठा संग्रह मर्विनच्या नाकाखालून घेऊन गेला. खंड एकाकडे, नकाशे दुसऱ्याकडे, अशी ती एकाच सफरीची फाटाफूट. वर हा पठ्ठ्या लागोपाठ तीन वर्षं बिस्किटाची स्पर्धाही जिंकला. गेल्या वर्षी सगळ्यांसमोर म्हणाला, “डॉक, तुझं बिस्किट बघितलं की मला भूक लागते रे. इतकं ताजं दिसतं!”

मर्विनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन त्यानं त्याच आठवड्यात नवं बिस्किट भाजलं. जुन्या साच्यानं ठसा उठवला. मग ते समुद्राच्या पाण्यात बुडवलं, चहात बुडवलं, उन्हात टाकलं, आणि सोंडे झालेल्या पिठाच्या डब्यात वर्षभर मुरत ठेवलं, म्हणजे भोकंही किड्यांनी स्वतःच्या दातांनी पाडलेली. वजन कमी भरलं तर भिजवलेल्या पिठानं लिंपलं, जास्त भरलं तर दात कोरायच्या हत्यारानं कोरलं. एवढी निगा त्यानं आमच्या दातांची राखली असती तर!

रविवारी सकाळी ग्लेनिस वाटाणे शिजवायला हॉलवर गेली. मर्विननं गॅरेजमध्ये दवाखान्याचा दिवा लावला आणि आपलं बिस्किट खाली धरलं. झकास! पण अस्सलाच्या शेजारी कसं दिसेल? एकदाच, फक्त एकदाच बघावं. सासूबाई वर गेल्या, ग्लेनिस धक्क्यावर. त्यानं पेटी आणली.

दोन्ही बिस्किटं ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवली तेव्हा त्याला स्वतःचा इतका अभिमान वाटला की विचारू नका. तेवढ्यावर थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण जुन्या वस्तू जमवणाऱ्यांची एक खोड असते. बनावट माल मी एका नजरेत ओळखतो, ही त्यांची घमेंड. मर्विनला वाटलं, आपल्याला तरी ओळखू येतं का बघू. त्यानं डोळे मिटले आणि ट्रे गरागरा फिरवला. डोळे उघडले. ओळखलं! डावीकडचं अस्सल. पुन्हा फिरवला, पुन्हा ओळखलं, निदान त्याला तसं वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. तिसऱ्यांदा फिरवला आणि घरात फोन वाजला, तसा तो आत धावला.

फोन शहरातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराचा होता. “डॉक्टर, बसून घ्या. पेनहेलच्या नकाशांमधला तुमच्या खाडीचा सुटा नकाशा आलाय. पहिली छपाई! तुमचं टोक बेट म्हणून दाखवलंय बघा, ती.”

“चुकीची?” मर्विन ओरडला. “चुकीची प्रत?”

“चुकीचीच.”

आता तुम्हाआम्हाला वाटेल, चुकीचा नकाशा घेऊन काय चाटायचाय? पण या लोकांचं उलटं असतं. कॅप्टनला धुक्यात आमचं जमिनीला जोडलेलं टोक बेट वाटलं, तसंच छापलं गेलं, पुढच्या छपाईत चूक सुधारली. म्हणून चुकलेली प्रत दुर्मीळ, आणि ट्रेवरच्या संग्रहात आहे ती सुधारलेली! मर्विननं नकाशा राखून ठेवायला सांगितलं, कागद कसा आहे विचारलं, पाण्याचा डाग कुठे आहे विचारलं, आणि नाचत नाचत गॅरेजमध्ये आला. ट्रेकडे बघितलं.

आणि त्याची पाचावर धारण बसली.

डावीकडचं की उजवीकडचं? त्यानं भिंग लावलं. वास घेतला. वजन केलं, सारखं. नखानं वाजवलं, दोन्ही टक् टक्. दातांचा आरसा घेऊन भोकांत डोकावला. डाव्यात किडे लागलेले, उजव्यातही किडे लागलेले. बाणाचा ठसा तर एकाच साच्यातला. वर्षभर त्यानं एकेक फरक शोधून शोधून पुसून टाकला होता, आता शोधणार काय, कपाळ?

“मर्व्ह! झालं का?” दारातून ग्लेनिसचा आवाज आला.

त्यानं एक बिस्किट पेटीत कोंबलं आणि झाकण लावलं. दुसरं स्पर्धेच्या ताटलीत ठेवलं. ग्लेनिस आत आली, ताटलीत वाकून बघितलं आणि तिचा चेहरा फुलला.

“अगं बाई! काय सुंदर झालंय रे! या वेळी ट्रेवरची जिरली म्हणून समज.” तिनं ताटली उचलली. “पेटी तू घे. आणि जपून. शहरातल्या संग्रहालयाची ती मुलगी येऊन बसलीये. प्रदर्शनासाठी अस्सल आजच घेऊन जाणार म्हणते.”

“आजच?”

“असा पांढरा का पडलास? तुझा नाही, माझा ऐवज चाललाय.”

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. त्यानं तोंड उघडलंही. पण ती ताटली मिरवत पुढे निघाली होती आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला सांगत होती, “बघा, आमच्या डॉक्टरांनी काय केलंय!” चाळीस वर्षांत ग्लेनिसनं कॅप्टन पेनहेलबद्दल एवढा आनंद कधी दाखवला नव्हता. मर्विन पेटी छातीशी धरून तिच्या मागोमाग गेला.

हॉलमध्ये सूपचा वास दरवळत होता. संग्रहालयाची इमोजेन पांढरे हातमोजे खिशात घेऊन बसली होती. पेटी काचेखाली गेली, ताटल्या मांडल्या गेल्या, आणि एकदा मांडलेली ताटली उचलायची नाही हा मंडळाचा नियम. मर्विननंच केलेला.

लोक रांगेनं आले. वाकून बघत, माना डोलावत, आणि वाटाणे मर्विनच्या कपात पडायला लागले. टक्, टक्, टक्. “डॉक, हे तर खऱ्याहून खरं वाटतंय हो!” कुणीतरी म्हणालं. मर्विनला घाम फुटला. ज्या विजयासाठी तीन वर्षं तळमळला, तो आता समोरून चालत येत होता आणि त्याच्या हातात हातोडा होता. बक्षीस नको, पण हातोडा आवर, असं झालं.

तो ट्रेवरच्या ताटलीपाशी जाऊन उभा राहिला. “या, या, हे बघा! काय रंग आलाय! काय भोकं! मी तर म्हणतो, यालाच द्या.” आणि स्वतःचा वाटाणा त्यानं ट्रेवरच्या कपात टाकला.

ट्रेवर डोळे बारीक करून बघत होता. “डॉक, काय भानगड आहे? माझ्या बिस्किटात काही कालवलंस का?”

“छे रे! चांगल्याला चांगलं म्हणू नये का माणसानं?”

“तू? माझ्या चांगल्याला? चौदा वर्षांत पहिल्यांदा.”

त्याचं हे औदार्य बघून लोकांना त्याचं आणखीनच कौतुक वाटलं. केवढा मोठा मनाचा माणूस, म्हणाले, आणि राहिलेले वाटाणेही त्याच्याच कपात गेले. कप भरून टेबलावर सांडला.

टाळ्या वाजल्या. ग्लेनिसनं जिंकलेलं बिस्किट फळीवर ठेवलं, बाह्या मागे सारल्या आणि हातोडा उचलला. तिनं मर्विनकडे बघून डोळा मारला. हातोडा वर गेला.

“थांब!” मर्विन ओरडला. “ग्लेन, मारू नकोस!”

मागे फक्त पातेलं रटरटत होतं.

“मारू नको म्हणजे?” ग्लेनिसनं हातोडा तसाच धरला.

“ते कदाचित… ते तुझं असेल. अस्सल. आणि पेटीतलं माझं असेल. किंवा उलट. मला माहीत नाही.”

हातोडा हळूहळू खाली आला.

“पेटीतून काढलंस?”

“हो.”

“कधी?”

“आज सकाळी.”

“आईला शब्द दिला होतास.”

“दिला होता.”

“का काढलंस, मर्व्ह?”

“ओळखता येतं का बघायला.”

“आलं?”

“नाही आलं,” मर्विन म्हणाला. दवाखान्यातली ती पेटी, ग्लेनिसचा कापणारा आवाज, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. “ग्लेन, मी घालवलं गं ते. माझ्या हौसेपायी तुमचं बिस्किट घालवलं.”

ट्रेवरला हसू आवरेना. तो खो खो हसला. ग्लेनिस गर्रकन वळली.

“दात नको काढूस, ट्रेवर. याच्या ताटलीकडे बघून मघाशी तुझंच तोंड उतरलं होतं. तुला ओळखता आलं असतं?”

ट्रेवरनं दोन्ही बिस्किटांकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि प्रामाणिकपणे मान हलवली. “नाही आलं असतं.”

इमोजेन पुढे आली. “ग्लेनिस, काळजी करू नका. आमच्याकडे यंत्रं आहेत. एक कणभर तुकडा काढला की…”

“कण काढायचा नाही,” ग्लेनिस म्हणाली.

तिनं काच बाजूला केली. पेटीतलं बिस्किट एका हातात घेतलं, फळीवरचं दुसऱ्या हातात. मग तिनं पेटीतलं बिस्किट तोंडाशी नेलं आणि कडेला जीभ लावून चाटलं.

इमोजेनच्या तोंडून किंकाळीच निघाली. “अहो! ते ऐतिहासिक…”

“गप्प बस गं जरा.” ग्लेनिसनं डोळे मिटले. मग दुसरं चाटलं. “बाबांची होडी वादळात सापडली होती तेव्हा आईनं पेटी उघडून ठेवली होती. मी एवढीशी होते. सगळे खिडकीत उभे होते आणि मी टेबलाखाली बसून हे चाटत होते. बाबा येईपर्यंत. नंतरही, आईची पाठ वळली की मी चाटायचेच. कुणाला सांगितलं नाही कधी.” तिनं पुन्हा एकदा पहिलं चाटलं, मग दुसरं. आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा उजळला.

“कळलं,” ती म्हणाली.

“कुठलं?” मर्विन, ट्रेवर, इमोजेन, सगळे एकदम ओरडले.

ग्लेनिसनं दोन्ही बिस्किटं पाठीमागे नेली. हातांची काहीतरी उलटापालट झाली. मग तिनं दोन्ही पेटीत ठेवली, एकावर एक. पेटी एकाच बिस्किटासाठी केलेली, त्यामुळे झाकण पुरतं लागेना. तिनं ते दोरीनं बांधलं.

“नाही सांगणार.”

“ग्लेन!”

“शब्द मोडलास ना? मग बस आता भिंग घेऊन.” ती हसायला लागली होती. “आणि काय रे, तुम्हा लोकांत चुकलेल्या प्रतीलाच जास्त मोल असतं ना? मग रडतोस कशाला? तुझी एवढी मोठी चूक झाली आहे, संग्रहालयात जाईल!”

तेव्हा कुठे मर्विनच्या लक्षात आलं की तो रडतोय. आणि हसतोयही.

इमोजेन बिचारी घोटाळ्यात पडली होती. “पण मी नेऊ काय? आणि खाली लिहू काय?”

“दोन्ही ने. एकटं कुठलंच मिळणार नाही. आणि यंत्राखाली घातलंस तर उद्या येऊन परत घेऊन जाईन. काय लिहायचं ते मी सांगते.”

ट्रेवरनं घसा खाकरला. “म्हणजे स्पर्धा… जिंकलं कोण?”

“जिंकला डॉक,” ग्लेनिस म्हणाली आणि हातोडा उचलला. “फुटणार तुझं. आण इकडे!”

त्या दिवशीचं सूप फार चांगलं झालं होतं. ट्रेवरच्या बिस्किटानं एका म्हाताऱ्याचा दात हलला, आणि मर्विननं तो तिथेच, चमच्याचा आरसा करून, तपासून दिला. ट्रे कसा फिरवला, नकाशाचा फोन कसा आला, हे सगळं मर्विननं सूप पिता पिता सांगितलं होतं, तेव्हा जाताना ट्रेवर त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “डॉक, तो चुकीचा नकाशा आला की घेऊन ये घरी. माझ्या बरोबरच्या नकाशाशेजारी ठेवून बघू.”

“ट्रे फिरवायचा नाही पण,” मर्विन म्हणाला.

हिवाळ्यात प्रदर्शन उघडलं तेव्हा मर्विन आणि ग्लेनिस शहरात गेली. पितळी यंत्रं, जाड पुस्तकं, कॅप्टनांच्या तसबिरी, आणि एका कोपऱ्यात, लहानशा काचेच्या पेटीत, दोन बिस्किटं. खाली ग्लेनिसचं वाक्य जसंच्या तसं छापलं होतं: ‘यातलं एक बिस्किट जोरी हॉकिंगनं वाईट दिवसासाठी राखून ठेवलं. दुसरं माझ्या नवऱ्यानं भाजलं.’

मर्विननं ते वाचलं. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या वस्तू जमवल्या होत्या, आणि आज त्याचीच एक वस्तू काचेआड होती, ग्लेनिसच्या पूर्वजाच्या बिस्किटाशेजारी. मग सवयीनं त्याचा हात खिशातल्या भिंगाकडे गेला आणि तो काचेला नाक लावून वाकला.

“डावीकडचं,” तो पुटपुटला. “नाही, उजवीकडचं. ग्लेन, आता तरी सांग की गं. कुठलं?”

ग्लेनिसनं त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली आणि त्याच्या हातात हात घातला.

“अजून ती वेळ आली नाही,” ती म्हणाली.